एकाच वावरात वेगवेगळ्या वस्त्या

वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीत सगळीकडे सारखेच जिवाणू असतील, हा समज तुरीचं एक झाड उपटलं तरी टिकत नाही. मुळावरची जिवंत गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसते. तिथे हवेतला नत्र बांधणाऱ्या रायझोबियम गटाचंच राज्य. वीतभर पलीकडच्या मातीत मात्र ते अल्पसंख्य, आणि पाणी तुंबलं की प्राणवायूविना जगणारे वरचढ. सूक्ष्मजीव सर्वत्र पोहोचतात, निवड परिस्थिती करते, असं डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी १९३४ मध्ये मांडलं. मग सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळायचं कशाला? कारण पोहोचण्यालाही मर्यादा असते. विदर्भात हे पीक अलीकडचं. त्याचा खास सोबती ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम इथल्या मातीत मुळात फारसा नव्हता. तुरीला बहुधा गावचेच जिवाणू पुरतात.