दार कोणासाठी उघडते?

एखाद्या जुन्या क्लबची वास्तू पाहताना आपले लक्ष खांबांकडे आणि झुंबरांकडे जाते. पण ही वास्तू कोणाच्या सोयीसाठी बांधली, असे विचारले की त्या संस्थेचा स्वभाव कळू लागतो. लंडनचा नॅशनल लिबरल क्लब या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

पॅल मॅल रस्त्यावरचे जुने क्लब सधन, खानदानी मंडळींचे होते. 1882 मध्ये लिबरल पक्षाच्या लोकांनी हा नवा क्लब काढला, तो गावोगावच्या कार्यकर्त्यांनाही परवडावा म्हणून. 1884 मध्ये ग्लॅडस्टन यांनी कोनशिला बसवली आणि 1887 मध्ये थेम्सकाठची इमारत खुली झाली.

स्थापत्यकार आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी हा हेतू नेमका ओळखला. खाली भोजनगृह, धूम्रपानकक्ष आणि ग्रंथालय. वर बाहेरगावच्या सभासदांना उतरण्यासाठी शंभरावर खोल्या. आतले खांब आणि भिंती झिलईदार फरश्यांनी मढवलेल्या. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या त्या शहरात धुऊन स्वच्छ होणारी भिंत ही शोभेइतकीच सोयीची बाब होती. मद्याचे तळघर तर 1865 मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या रेल्वेसाठी खणलेल्या आणि पुढे अर्धवट सोडलेल्या चरात केलेले आहे.

वास्तू प्रशस्त असली तरी दाराचा प्रश्न उरतोच. लंडनच्या क्लबांत नव्या सभासदाची निवड गुप्त मतदानाने करण्याची जुनी रीत होती. पेटीत पांढरी गोळी टाकली तर होकार, काळी टाकली तर नकार. मोजक्या काळ्या गोळ्यांनी माणूस बाहेर राही आणि कारण कोणी सांगत नसे.

अशा काळात दादाभाई नौरोजी या क्लबचे सभासद होते. आपल्या बडोदेकर वाचकांना ते 1874 मधील संस्थानचे दिवाण म्हणून ठाऊक आहेत. 1888 मध्ये पंतप्रधान सॉल्सबरी यांनी दादाभाईंच्या वर्णावरून जाहीर सभेत हिणकस उल्लेख केला, तेव्हा याच क्लबाने त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. 1892 मध्ये दादाभाई पार्लमेंटवर निवडून आले.

तरीही स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळायला 1976 साल उजाडावे लागले. 1941 मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झालेला संगमरवरी जिना त्याआधी पाव शतक पुन्हा उभा राहिला होता. दगडाची दुरुस्ती लवकर झाली, नियमाची उशिरा.

आपल्या पूर्वजांनीही परमुलखात मंडळे स्थापली, सभागृहे बांधली. त्यांच्या छपराची डागडुजी आपण वेळेवर करतो. त्याच बैठकीत घटनेतले सभासदत्वाचे कलमही वाचावे. परभाषी जावई, कालच बदलीवर आलेले कुटुंब, मराठी बोलता येते पण वाचता येत नाही अशी नात, यांना त्या कलमात जागा आहे का, हे पाहावे.