इंग्लंडांतील लहान खेड्याचा कारभार

इंग्लंडच्या राज्यकारभाराचें नांव निघालें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें थेम्स नदीच्या कांठचें पार्लमेंट उभें राहतें. तेथील भाषणें, पक्षांचे डावपेंच, मंत्रिमंडळांची उलथापालथ यांच्या हकीकती आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचीत आलों आहोंत. परंतु त्याच देशांत लोकशाहीची दुसरी एक शाळा आहे, आणि तिची वार्ता आपल्यापर्यंत क्वचितच पोंचते. तिच्या सभा खेड्यांतील एखाद्या साध्या दिवाणखान्यांत, बहुधा संध्याकाळीं, सात-आठ सभासदांच्या उपस्थितींत भरतात. युद्ध आणि तह हे तेथील विषय नव्हत. दफनभूमीची ढांसळती भिंत कोणी बांधावी, मोटारीची वाट पाहणाऱ्यांसाठीं उभारलेलें छप्पर गळतें त्याचें काय करावें, हिरवळीवरील गवत उन्हाळ्यांत किती वेळां कापावें, असल्या प्रश्नांचा तेथें खल होतो. या संस्थेचें नांव पॅरिश-कौन्सिल. लहान गांवें आणि छोटीं शहरें मिळून अशीं सुमारें दहा हजार कौन्सिलें आज इंग्लंडांत आहेत. त्यांचा कारभार चालतो कसा, आणि इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या कामाला त्या देशानें एवढें महत्त्व कां दिलें, हें आज थोडक्यांत पाहावयाचें आहे.

पॅरिश म्हणजे मुळांत एका चर्चच्या उपाध्यायाकडे सोंपविलेला मुलूख. आपल्याकडे जशी गांवाची शीव, तशी पॅरिशची हद्द. नकाशे दुर्मिळ होते त्या काळीं दर वसंतऋतूंत गांवकरी त्या हद्दीवरून फेरी काढीत आणि हद्दीच्या दगडांवर काठ्या आपटीत; मुलांच्या स्मरणांत ती जागा पक्की बसावी हा त्यांतील हेतु. कांहीं गांवांतून ही चाल अजून हौसेनें पाळली जाते. हद्द ठरली कीं तिच्या आंत जें कांहीं आहे त्याची जबाबदारीहि ठरली. १५५५ च्या कायद्यानें पॅरिशमधील प्रत्येक कुटुंबाला वर्षांतून चार दिवस रस्तेदुरुस्तीसाठीं राबावें लागे. पुढें १५६३ मध्यें हे दिवस सहा झाले. १६०१ च्या कायद्यानें गांवच्या गोरगरिबांचें पोषण हेंही पॅरिशच्याच माथीं आलें. हा सर्व कारभार चर्चच्या ज्या खोलींत उपाध्यायाचे झगे ठेवीत, त्या व्हेस्ट्री नांवाच्या खोलींत बसून चाले; आणि खोलीचेंच नांव त्या सभेलाहि पडलें.

एकोणिसाव्या शतकांत व्हेस्ट्रीचे अधिकार एकामागून एक गळून पडले. १८३४ सालीं गरिबांची व्यवस्था अनेक पॅरिशांच्या संघांकडे गेली, १८३५ सालीं रस्त्यावरील ती वेठ बंद झाली, आणि १८६८ सालीं चर्चसाठीं सक्तीनें कर घेण्याचा अधिकारहि गेला. खेडें राहिलें, परंतु खेड्याचा म्हणून कारभार फारसा उरला नाहीं. जो कांहीं होता तो जमीनदार आणि उपाध्याय या दोघांच्या तंत्रानें चाले. हें पालटण्यासाठीं ग्लॅडस्टन यांच्या अखेरच्या मंत्रिमंडळानें जो कायदा आणला, तोच १८९४ चा स्थानिक स्वराज्याचा कायदा होय. लॉर्डांच्या सभेनें त्यांत पुष्कळ काटछाट केली. तिच्याविषयीं १ मार्च १८९४ रोजीं केलेलें भाषण हें कॉमन्स सभेंतील ग्लॅडस्टन यांचें शेवटचें भाषण ठरलें. साम्राज्याचे प्रश्न आयुष्यभर हाताळलेल्या त्या वृद्ध मुत्सद्द्याचें शेवटचें भांडण खेड्यांतील कौन्सिलांसाठीं व्हावें, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

या कायद्यानें तीनशेंहून अधिक लोकवस्तीच्या ग्रामीण पॅरिशला स्वतःचें निवडलेलें कौन्सिल मिळालें. चर्चचा कारभार आणि गांवचा कारभार हे वेगळे झाले. स्त्रियांना, विवाहित असोत वा अविवाहित, कौन्सिलावर निवडून येण्याची मुभा मिळाली. पार्लमेंटसाठीं मत देण्याचा हक्क त्यांच्यांतील कांहींजणींना १९१८ मध्यें आणि पुरुषांच्या बरोबरीनें १९२८ मध्यें मिळाला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या तरतुदीचें मोल कळतें. पहिल्या निवडणुका डिसेंबर १८९४ मध्यें झाल्या. मतदान हात वर करून होई. मात्र कोणी मागणी केल्यास रीतसर मतपत्रिका घ्याव्या लागत. ज्याच्या झोंपडींत राहावयाचें आणि ज्याच्या शेतांत राबावयाचें, त्याच जमीनदारासमोर शेतमजुरानें हात वर करावयाचा, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

आतां कौन्सिलाची रचना पाहूं. सध्यांचा कारभार मुख्यतः १९७२ च्या कायद्यावर चालतो. कौन्सिलांत निदान पांच सभासद असावे लागतात, मुदत सामान्यतः चार वर्षांची असते, आणि बहुतेक ठिकाणीं सभासद विनावेतन काम करतात. दर वर्षीं मे महिन्यांत वार्षिक सभा भरते आणि अध्यक्षाची निवड हें तिचें पहिलें काम असतें. कौन्सिलाचा क्लार्क, म्हणजे चिटणीस, हा पगारी माणूस. लहान गांवीं तो आठवड्यांतून थोडेच तास काम करतो. तो अध्यक्षाचा नोकर नसून संबंध कौन्सिलाचा नोकर असतो. येथें कायद्याची एक सूक्ष्म दृष्टि दिसून येते. कौन्सिल आपलें काम एखाद्या समितीकडे किंवा चिटणिसाकडे सोंपवूं शकतें, पण एकट्या सभासदाकडे सोंपवूं शकत नाहीं. म्हणजे अध्यक्ष असला तरी त्याला एकट्याच्या मर्जीनें एक झाडहि तोडवितां येत नाहीं.

सभेची सूचना निदान तीन पूर्ण दिवस आधीं गांवांत ठळक जागीं लावावी लागते. दुसरी सोयीची जागा माफक भाड्यानें मिळत असतां सभा मद्यगृहांत घेतां येत नाहीं. हा निर्बंध १८९४ पासून चालत आलेला आहे. सभेस हजर राहण्याचा लोकांचा आणि वृत्तपत्रांचा हक्क १९६० च्या कायद्यानें पक्का केला. तो कायदा पार्लमेंटांत मांडणाऱ्या नव्या सभासद पुढें पंतप्रधान झाल्या. त्या म्हणजे मार्गारेट थॅचर, आणि त्यांचें पार्लमेंटांतील पहिलेंच भाषण याच विषयावर होतें. याखेरीज १ मार्च ते १ जून या अवधींत वर्षांतून एकदां सर्व मतदारांची पॅरिश-सभा भरते. ती संध्याकाळीं सहाच्या आधीं सुरू करावयाची नाहीं, कारण कामकऱ्यांना येतां आलें पाहिजे. अशी सभा एरव्हीं बोलवावयाची झाल्यास सहा मतदारांचीं नांवें पुरतात.

पैशाची व्यवस्था साधी आहे. कौन्सिल वर्षाचा अंदाज करून लागणारी रक्कम वरच्या कौन्सिलाला कळवितें. या मागणीस प्रीसेप्ट म्हणतात. वरचें कौन्सिल ती रक्कम घरपट्टीसारख्या आपल्या कराबरोबर वसूल करून गांवाला देतें. समजा, चारशें घरांच्या खेड्यानें वीस हजार पौंड मागितले, तर सरासरीनें प्रत्येक घरावर वर्षाला पन्नास पौंडांचा भार पडेल. कराच्या पावतींत हा आंकडा निराळा छापलेला असतो. म्हणून खर्च वाढला तर शेजारी शेजाऱ्याला रस्त्यांत उभें करून विचारूं शकतो. कर्ज काढावयाचें तर सरकारची परवानगी लागते, आणि दर वर्षीं ठराविक दिवस हिशेबाच्या वह्या कोणाहि गांवकऱ्याला पाहण्यासाठीं खुल्या ठेवाव्या लागतात.

या पैशांतून होतें काय? उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर देखभाल. जेथें काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशीं दोन वरचीं कौन्सिलें आहेत, तेथें रस्त्यांतील खड्डा काउंटीनें बुजवावयाचा आणि केरकचरा डिस्ट्रिक्टनें न्यावयाचा. पॅरिशच्या वांट्याला येतात तीं बाकें, दिवे, मनोऱ्यावरचें घड्याळ, मुलांचें क्रीडांगण, हिरवळ, दफनभूमि, आणि युद्धांत पडलेल्यांचें स्मारक. सहा मतदारांनीं किंवा करदात्यांनीं लेखी मागणी केली, तर भाजीपाला लावण्यासाठीं जमिनीचे लहान तुकडे देण्याचा विचार कौन्सिलाला करावाच लागतो. पाऊलवाटांचा प्रश्न तर त्याच्या जिव्हाळ्याचा. एखादी जुनी वाट निरुपयोगी ठरवून न्यायालयाकडून बंद करवावयाची असेल, तर पॅरिश-कौन्सिलाचा नकार ती कारवाई थांबवूं शकतो. १९४९ च्या कायद्याप्रमाणें देशांतील पाऊलवाटांचे अधिकृत नकाशे झाले, तेव्हां गांवोगांव त्या वाटा पायांखालीं घालून त्यांची नोंद करण्याचें पुष्कळसें काम पॅरिशांनींच केलें. अलीकडचें उदाहरण म्हणजे तांबड्या टेलिफोन-खोपट्यांचें. खिशांतल्या टेलिफोनामुळें त्यांचें काम संपलें, तेव्हां २००८ पासून टेलिफोन कंपनीनें तीं एकेका पौंडाला गांवांना देऊं केलीं. आज कित्येक गांवांत त्यांत पुस्तकांचीं कपाटें आहेत, तर कित्येकांत बंद पडणारें हृदय विजेच्या धक्क्यानें चालू करण्याचें यंत्र टांगलेलें आहे.

या सर्व तपशिलांच्या मुळाशीं एक तत्त्व आहे. सर्वांची वस्तु ही कोणाचीच नव्हे, असें होऊं द्यावयाचें नाहीं. याचा उत्तम नमुना म्हणजे जुन्या चर्चभोंवतालची दफनभूमि. तेथील पुरणें कायद्यानें बंद झालें, म्हणजे चर्चची समिति लेखी मागणी करून तिच्या देखभालीचा भार पॅरिश-कौन्सिलावर टाकूं शकते. कौन्सिलाला तो झेपत नसेल, तर तीन महिन्यांच्या आंत ठराव करून तें तो वरच्या कौन्सिलाकडे धाडूं शकतें. भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाईल, पण तो जमिनीवर टाकतां येणार नाहीं. कलत्या थडग्याखालीं कोणाचें पोर सांपडूं नये, याची काळजी वाहणारा कोणीतरी नांवानिशीं ठरलेलाच असतो.

हें चित्र सर्वस्वीं रम्य आहे असें मात्र कोणी समजूं नये. जितक्या जागा तितकेच उमेदवार, म्हणून निवडणूकच नाहीं, असें पुष्कळ गांवीं घडतें. मध्येंच जागा रिकामी झाली आणि दहा मतदारांनीं निवडणूक मागितली नाहीं, तर उरलेले सभासदच नवा सभासद घेतात. मग तींच तीं माणसें वर्षानुवर्षें बसतात आणि क्षुद्र वैरें माजतात. डिसेंबर २०२० मध्यें, साथीच्या काळांत, चेशायरमधील हँडफर्थ येथील पॅरिशची एक सभा संगणकाच्या पडद्यावर भरली होती. अधिकार कोणाचा यावरून तींत जो कलह माजला, त्याचें चित्रण पुढें फेब्रुवारींत साऱ्या देशानें हंसत हंसत पाहिलें. परंतु खरी काळजी हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. २०१० नंतर वरच्या कौन्सिलांना मिळणारें सरकारी साहाय्य आटलें, आणि गवत कापणें, सार्वजनिक शौचकूप, क्वचित् वाचनालयेंसुद्धां, गांवांच्या गळ्यांत पडूं लागलीं. वरच्यांनीं कर मर्यादेपलीकडे वाढविल्यास लोकमत घ्यावें लागतें. पॅरिशांना तें बंधन आजवर लावलेलें नाहीं. म्हणून सोय अशी कीं काम खालीं ढकलावें आणि करवाढीचा दोषहि खालच्यांनीं घ्यावा. याला अधिकारदान म्हणावें कीं ओझें उतरविणें म्हणावें, हा आज तेथील जिवंत वाद आहे. वरच्या संस्था तर बदलतच असतात. १८९४ च्याच कायद्यानें निर्माण झालेले ग्रामीण डिस्ट्रिक्ट १९७४ मध्यें गेले. त्यांच्या जागीं आलेले नवे डिस्ट्रिक्ट कंब्रिया, सॉमरसेट आणि नॉर्थ यॉर्कशायर येथें १ एप्रिल २०२३ रोजीं गेले. पॅरिश तेवढी राहिली.

आपल्या देशाशीं या विषयाचा धागा जुना आहे. सर हेन्री मेन यांनीं १८७१ सालीं पौर्वात्य आणि पाश्चात्य ग्रामसंस्थांची तुलना करणारा ग्रंथच लिहिला. पुढें मुंबई इलाख्यांत १९२० आणि १९३३ सालीं ग्रामपंचायतींचे कायदे झाले. महाराष्ट्रांतील पंचायती आज १९५८ च्या कायद्यानें चालतात. आपल्या पंचायतीला १९९३ पासून राज्यघटनेचा आधार आहे. इंग्लंडांतील पॅरिशला केवळ पार्लमेंटच्या कायद्याचा. उलट, आपल्या पंचायतीचा सचिव जिल्हा परिषदेचा सेवक असतो, तर तेथील चिटणीस गांवच नेमतें आणि गांवच काढतें. कोणती व्यवस्था बरी, याचा निर्णय एका वाक्यांत देतां येण्यासारखा नाहीं. पण चिटणीस कोणाला जबाबदार, या एका प्रश्नावर गांवच्या कारभाराचा रंग पुष्कळसा अवलंबून असतो.

शेवटीं शहरांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीं एक गोष्ट. लंडन शहरांत पॅरिश-कौन्सिलांना दीर्घकाळ जागा नव्हती. २००७ च्या कायद्यानें ती वाट मोकळी झाली, आणि वेस्टमिन्स्टर भागांतील क्वीन्स पार्क या दाट वस्तीनें २०१४ सालीं आपलें पहिलें कौन्सिल निवडून घेतलें. ज्या वेस्टमिन्स्टरांत पार्लमेंट बसतें, त्याच वेस्टमिन्स्टरांतील रहिवाशांना आपली बाग आणि आपली गल्ली यांसाठीं खेड्यांतली संस्था हवीशी वाटली. नवी वास्तु उभारतांना कोनशिलेवर नांवें कोरलीं जातात. ती वास्तु पुढें पन्नास वर्षें झाडावयाची कोणी, हें कोनशिलेवर लिहिलेलें नसतें. इंग्लंडांतील लहान खेड्यानें तें आपल्या सभेच्या टांचणांत लिहून ठेवलें आहे, आणि त्याच्या स्वराज्याचा बहुतेक अर्थ त्या टांचणांतच सांपडतो.