‘पाणी साचत नाही’ असे सांगणाऱ्या मालमत्ता दलालाची जबाबदारी किती?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. सरफोजी महाराजांच्या काळातील मुक्तांबाळ छत्रामुळे मराठी इतिहासालाही ते परिचित आहे. भातशेतीच्या अशा मुलखात भूखंड घेणाऱ्यास ‘येथे पाणी साचत नाही’ हे दलालाचे वाक्य मोलाचे वाटते. ते खोटे ठरल्यास उत्तरदायी कोण?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील विक्री करणाऱ्या दलालास स्वतःची नोंदणी करावी लागते. कलम १० अन्वये सेवांबाबत तोंडी, लेखी वा दृश्य स्वरूपात खोटी विधाने करण्यास त्यास मनाई आहे. उल्लंघन झाल्यास कलम ६२ नुसार दररोज १० हजार रुपये, कमाल मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. फसवणूक सिद्ध झाल्यास नोंदणीही रद्द होऊ शकते.

मात्र जुने घर किंवा सुटा भूखंड यांची पुनर्विक्री सहसा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तेथे भारतीय करार अधिनियम, १८७२ उपयोगी पडतो. कलम २३८ नुसार मालकाच्या वतीने काम करताना दलालाने केलेल्या चुकीच्या निवेदनाचा करारावरील परिणाम, ते मालकानेच केल्यासारखा असतो. त्यामुळे खरेदीदार करार रद्द करण्याची मागणी करू शकतो. दलालाने जाणूनबुजून फसवले असेल, तर तो स्वतःही जबाबदारीतून सुटत नाही. मालमत्तेतील सहज न दिसणारा, ठाऊक असलेला दोष उघड करण्याचे कर्तव्य मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ ने विक्रेत्यावर टाकले आहे.

‘परिसर उत्तम आहे’ ही स्तुती झाली. ‘आराखडा मंजूर आहे’ हे तथ्याचे विधान झाले. दायित्व प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारातून उद्भवते. शिवाय साध्या चौकशीतून सत्य कळले असते, तर चुकीच्या निवेदनाचा आधार घेऊन करार रद्द करणे कलम १९ मुळे कठीण होते.

तमिळनाडूत ही चौकशी विशेष महत्त्वाची आहे. शेतजमिनीवरील विनामंजुरी भूखंडांची नोंदणी मद्रास उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये रोखली होती. म्हणून सातबाऱ्यासारखा ‘पट्टा’, बोजा प्रमाणपत्र आणि आराखड्याची मंजुरी खरेदीदाराने स्वतः पडताळावी, पावसाळ्यात जागा पाहावी आणि दलालाचे आश्वासन लेखी घ्यावे. दलालास मोबदला दिला असल्यास ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे.