बाटलीतली वर्षं (लेखांक ६) : १९७५चं क्लॅरेट

बोर्डोच्या लाल वाइनला इंग्लंडमध्ये क्लॅरेट म्हणतात, हे मागच्या आठवड्यात आलंच. ही वाइन जितकी जास्त वर्षं ठेवावी तितकी चांगली, असं अनेकांना वाटतं. ही समजूत तपासून बघायला १९७५ हे साल फार उपयोगाचं आहे.

त्याआधीची तिन्ही वर्षं, १९७२ ते १९७४, बोर्डोत सुमार गेली होती. १९७५चा उन्हाळा मात्र कडक आणि कोरडा निघाला. द्राक्षांच्या साली जाड झाल्या. सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, त्यामुळे नवी वाइन गडद रंगाची आणि कच्च्या सुपारीसारखी तुरट उतरली. एवढं टॅनिन आहे म्हणजे वाइन दीर्घायुषी, असं मानून रसिकांनी बाटल्या तळघरात ठेवल्या आणि वाट पाहिली.

बाटलीत टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, मोठे होत जातात आणि शेवटी गाळ होऊन खाली बसतात. तुरटपणा कमी होतो, जांभळट रंग विटकरीकडे झुकतो. पण त्याच काळात फळाचा स्वादही विरत असतो. यांपैकी आधी काय संपतं, यावर सगळं ठरतं. बोर्डोच्या मेडॉक भागातल्या अनेक १९७५च्या वाइनमध्ये फळ आधी संपलं आणि तुरटपणा मागे राहिला. अशी वाइन आणखी वीस वर्षं ठेवली तरी सुधारणार नाही. ती नुसती कोरडी होत जाईल.

म्हणून जुनी बाटली पारखताना मी तुरटपणापेक्षा फळाला जास्त महत्त्व देते. बाटली एक-दोन दिवस उभी ठेवून गाळ खाली बसू द्यावा. वाइनची पातळी खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर बुचातून हवा आत गेल्याची शंका घ्यावी. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा : कडा विटकरी असणं वयाला धरून आहे, पण मध्यभागही तपकिरी झाला असेल तर चिंता. देवदाराचं लाकूड, तंबाखू, ओली माती हे वास वयाबरोबर येतातच. त्यांच्याखाली काळ्या मनुकांसारखं, थोडं गोड काही जाणवतंय का, हे शोधायचं. आणि घाई करायची. इतकी जुनी वाइन हवा लागल्यावर कधी अर्ध्या तासातच कोमेजते.

सगळीकडे मात्र मेडॉकसारखं झालं नाही. बोर्डोच्याच पोमरॉल भागात मर्लो द्राक्षाचं प्रमाण जास्त, आणि तिथल्या काही १९७५ उत्तम मुरल्या. ग्राव्ह भागातल्या ला मिसिओं ओ-ब्रियों या मळ्याची १९७५ तर त्या सालातल्या सर्वोत्तम वाइन्समध्ये गणली जाते. फळ भरपूर होतं, म्हणून तिथे तेच टॅनिन कामी आलं. त्यामुळे १९७५ची बाटली समोर आली, की मी आधी ती कुठल्या मळ्याची ते विचारते, आणि लगेच दुसरा प्रश्न : एवढी वर्षं ती ठेवली कुठे होती? बारा-तेरा अंशांच्या तळघरातली बाटली आणि उबदार खोलीतल्या कपाटातली बाटली एकाच खोक्यातून आलेल्या असल्या, तरी आज त्या दोन वेगळ्या वाइन आहेत.