बोट एकच, नोंदी दोन : खलाशी गेले कुठे?



१ जूनला बंदी लागली, बोटी शाकारल्या, की आपल्या ऑफिसात कागदांचा सीझन सुरू होतो. यंदा आम्ही जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली. काम झालं म्हणून खुशीत होतो, तेवढ्यात एक तांडेलकाका यादी बघायला आले. बोटीवर सात खलाशी, स्क्रीनवर एकही नाही. काका म्हणाले, "सेक्रेटरीभाऊ, बोट किनाऱ्याला आणि माणसं गायब!"

आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. डुमस, उमरगावपासून झाई, डहाणूपर्यंतची आपली कितीतरी पोरं ओखा, पोरबंदरच्या बोटींवर जातात. कधी बोट पकडली जाते. २००८ च्या करारानुसार भारत-पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या वेळी माणूस आपला आहे हे नाव, वडिलांचं नाव, गाव यावरून पटवावं लागतं. तेव्हा आपलीच यादी रिकामी निघाली तर?

मग चूक शोधली. फॉर्म तीन आहेत : मालक, त्याखाली बोट, त्याखाली खलाशी. खलाशाची नोंद बोटीच्या नंबराला बांधलेली असते. या नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' टाइप झाला होता. कॉम्प्युटरनं सांगितलं, अशी बोट नाही. आमच्याकडून घाईत 'नवीन बोट' दाबलं गेलं. झालं! एका बोटीला लायसन्स आहे, खलाशी नाहीत. दुसरीला खलाशी आहेत, लायसन्स नाही. खरी बोट मात्र एकच.

आता घरी किंवा सायबर कॅफेत फॉर्म भरताना एवढं सांभाळा :

१. आधी मालक, मग बोट, मग खलाशी. वरचा फॉर्म सेव्ह झाल्याशिवाय खालचा भरू नका. 'संबंधित नोंद नाही' असं आलं तर बहुतेक वरचं सेव्ह झालेलं नसतं, नाहीतर नंबर चुकलेला असतो.

२. बोटीचा नंबर हातानं टाइप करण्यापेक्षा यादीतून निवडा. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय', मधली आडवी रेघ, शेवटची मोकळी जागा, यातलं काहीही बदललं की कॉम्प्युटरला ती वेगळी बोट वाटते.

३. 'हा नंबर आधीच आहे' असं आलं तर पुढे टिंब किंवा 'ए' लावून पुढे जाऊ नका. आधी जुनी नोंद शोधा.

४. दोन नोंदी झाल्या असतील तर चुकीची लगेच उडवू नका. काही ठिकाणी बोट उडवली की तिचे खलाशीही उडतात. आधी कॉपी ठेवा, खलाशी बरोबर नंबराखाली आणा, मोजा, मगच चुकीची काढा. काकांचे सातही जण आम्ही असेच परत आणले.

५. नाव आधारवर आहे तसंच लिहा. घरात बाळू म्हणत असतील, आधारवर बाळकृष्ण असेल, तर बाळकृष्णच. तारखेत आधी दिवस की आधी महिना ते बघा. ०७/०८ दोन्ही तऱ्हेनं वाचता येतं.

११ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राचा राष्ट्रीय मत्स्यपालन डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू झाला आहे. तिथंही आपली माहिती नीट भरलेली हवी.

बंदी उठायच्या आत ऑफिसला एक चक्कर मारा. आधार, बोटीची नोंदणी, लायसन्स आणि खलाशांची यादी आणा. घरच्या बायकांनीही जरूर यावं, बऱ्याच घरांत कागद त्यांच्याच पेटीत असतात. स्क्रीनवर आपल्या बोटीचं पान आमच्यासमोर वाचा, एकेक नाव मोजा. चूक निघाली तर बिनधास्त सांगा, आम्ही रागावणार नाही. समुद्रात माणसं मोजून नेतो, तशी कागदावरही मोजूया.

आपले,
सेक्रेटरी आणि ऑफिसची मंडळी, सुरत