बॉनेटवरची जाळी
उन्हातल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. मुळात ते गोल नसतात. वेड्यावाकड्या रेघांपैकी प्रकाशाला आडव्या जाणाऱ्याच तेवढ्या चमकतात. रंगावरच्या क्लिअर कोटच्या साधारण ४०-५० मायक्रॉनच्या थरात त्या उमटतात, बहुधा रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसताना. वॅक्सने त्या तात्पुरत्या बुजतात. मशीन पॉलिश मात्र भोवतालचा थर घासून रेघेच्या तळापर्यंत आणतं. म्हणजे थर झिजतोच, हा आक्षेप रास्त आहे. पण ड्युअल ॲक्शन मशीनला मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश लावलं, तर मोजकेच मायक्रॉन जातात. खरा धोका कडांवर, कारण तिथे थर पातळ. नखाला अडकणाऱ्या रेघेच्या मागे लागू नये. आणि कोरडं फडकं सुटणार नसेल, तर पॉलिशचा खर्च करूच नये; महिन्याभरात जाळी परत दिसेल.