भात खाचरात टाकलेला युरिया जातो कुठे?

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. पण पाणी साचलेल्या खाचरात युरिया फोकून दिला, तर त्यातले साधारण ३० ते ४० टक्केच नत्र भाताला मिळते. उरलेले कुठे जाते?

हवेत : युरियाचे पाण्यात अमोनियम होते. दिवसा शेवाळामुळे पाण्याचा सामू वाढतो आणि नत्र अमोनिया वायू होऊन उडते.

चिखलातून : वरच्या थरात तयार झालेले नायट्रेट प्राणवायू नसलेल्या थरात उतरले, की जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात.

पाण्यासोबत : मुसळधार पावसात बांधावरून पाणी वाहिले, की खतही वाहते.

उपाय काय?

चारसूत्री भातशेतीत लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. तिथे नत्र मातीला धरून राहते आणि मुळांना हळूहळू मिळते.

अडचण मजुरीची आहे. गोळ्या हाताने खोचाव्या लागतात. अनुदानित युरिया मात्र स्वस्त. त्यामुळे अनेक शेतकरी फोकूनच खत देतात. त्यांनी निदान खाचरातले पाणी आधी काढावे, ओल्या चिखलावर युरिया द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी बांधावे.